जपानी शब्दांची कुळे

परकी भाषा शिकू लागलेल्या माणसाला व्याकरणापेक्षाही शब्दांची धास्ती अधिक वाटते. जपानीच्या बाबतीत ती दुणावते, कारण इंग्रजीच्या परिचयाचा जो आधार फ्रेंच किंवा जर्मन शिकताना मिळतो, तो येथे फारसा मिळत नाही. मग विद्यार्थी वहीत डावीकडे शब्द व उजवीकडे अर्थ लिहून यादी घोकू लागतो. महिन्याभरात यादी लांबते आणि आरंभीचे शब्द पुसट होतात. पुष्कळ जण आपल्या स्मरणशक्तीला दोष देऊन येथेच अभ्यास सोडून देतात. वास्तविक दोष पद्धतीचा असतो. सुटा शब्द मनात ठरत नाही. नात्यागोत्यांसह आलेला शब्द ठरतो.

जपानी शब्दसंग्रहात तीन प्रमुख थर आहेत. पहिला 'वागो', म्हणजे मूळ जपानी शब्दांचा. दुसरा 'कांगो', म्हणजे चीनमधून आलेल्या किंवा चिनी घटकांपासून जपानातच घडवलेल्या शब्दांचा. तिसरा 'गाइराइगो', म्हणजे मुख्यतः पाश्चात्त्य भाषांतून घेतलेल्या शब्दांचा. मराठी वाचकाला ही रचना नवखी वाटू नये. आपण घरात 'पाणी' म्हणतो. पण जलमार्ग, जलविद्युत अशा जोडशब्दांत 'जल' येते. जपानीतही पाण्याला 'मिझु' म्हणतात. मात्र जोडशब्दांत त्याच चिन्हाचा उच्चार बहुधा 'सुइ' होतो. 'सुइदो' म्हणजे नळाने होणारा पाणीपुरवठा, 'सुइएइ' म्हणजे पोहणे, आणि 'कोझुइ' म्हणजे पूर. बुध ग्रहाला तेथे जलतारा म्हणतात, म्हणून बुधवार हा 'सुइयोबि' होय. एक चिन्ह नीट ओळखले की असे अनेक शब्द एका कुळात येऊन बसतात.

म्हणूनच लिपी पुढे ढकलून केवळ उच्चार पाठ करणे हिताचे नसते. 'कागाकु' या एकाच उच्चाराचे दोन शब्द आहेत; एकाचा अर्थ विज्ञान, दुसऱ्याचा रसायनशास्त्र. कानाला न कळणारा हा भेद चिन्हे पाहताच कळतो. दोहोंतील 'गाकु' म्हणजे विद्या. तोच घटक 'बुंगाकु' (साहित्य) आणि 'दाइगाकु' (विद्यापीठ) यांतही आढळतो. सामान्य व्यवहारासाठी शासनाने ठरवलेल्या यादीत 1981 साली 1945 चिन्हे होती; 2010 पासून ती 2136 आहेत. हा आकडा मोठा असला, तरी त्यांच्या जोडणीतून बनणारे शब्द त्याच्या कितीतरी पट आहेत.

क्रियापदे जोडीने शिकावीत. मराठीत पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे अशा जोड्या आहेत; जपानीत त्यांच्या जागी 'ओचिरु'-'ओतोसु' आणि 'वारेरु'-'वारु' येतात. तसेच शब्दाचा सोबतीही लक्षात ठेवला पाहिजे. आपण टोपी, सदरा आणि जोडे हे सारे 'घालतो'. जपानी माणूस मात्र टोपीसाठी 'काबुरु', सदऱ्यासाठी 'किरु' आणि जोड्यांसाठी 'हाकु' ही वेगवेगळी क्रियापदे योजतो. 'किरु म्हणजे घालणे' एवढेच पाठ केल्यास चूक अटळ ठरते. सदऱ्यासह सबंध वाक्य पाठ केल्यास ती टळते.

तिसऱ्या थरातील शब्द सोपे वाटतात. पोर्तुगीज 1543 साली जपानला पोहोचले. त्यांच्या भाषेतील ज्या शब्दावरून आपला 'पाव' आला, त्याच शब्दावरून जपानी 'पान' आला. पण या थरात फसगतही होते. जपानीतील 'मान्शोन' हा शब्द इंग्रजीत हवेलीचा वाचक आहे. जपानात मात्र तो मोठ्या इमारतीतील सदनिकेला लावतात. तेव्हा ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दाचाही अर्थ तपासून घ्यावा.

राहता राहिला उजळणीचा प्रश्न. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच केलेले स्मरणाचे प्रयोग 1885 साली प्रसिद्ध केले. पाठ केलेली गोष्ट प्रथम झपाट्याने व पुढे हळूहळू विसरली जाते, आणि उजळणी एका बैठकीत न उरकता अनेक दिवसांत विभागल्यास श्रम वाचतात, असे त्यांतून दिसून आले. यासाठी साधी पत्रे पुरतात. पत्राच्या एका बाजूस नवा शब्द असलेले छोटे वाक्य व दुसऱ्या बाजूस त्याचा अर्थ लिहावा. पत्र उलटण्यापूर्वी उत्तर स्वतः आठवण्याचा प्रयत्न करावा. नुसते पुनःपुन्हा वाचल्याने ओळख वाढते, पण आठवण पक्की होत नाही. पहिली उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, आठवड्याने व महिन्याने करावी. चुकलेले पत्र पुन्हा पहिल्या गठ्ठ्यात ठेवावे.

रोज पन्नास शब्दांचा संकल्प सहसा आठवडाभरही टिकत नाही. रोज सात-आठच शब्द घ्यावेत, पण प्रत्येकाचे कूळ, सोबती आणि वाक्य यांसह घ्यावेत. पुढे एखादा सोपा उतारा वाचताना त्यांतलाच एखादा शब्द अवचित भेटतो आणि कोश न उघडता अर्थ उमगतो. तो शब्द तेव्हा खऱ्या अर्थाने शिकणाऱ्याचा झालेला असतो.