जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलीचे सुटे भाग

ज्या यंत्राचा कारखाना बंद पडला, त्या यंत्राचे सुटे भाग पुन्हां मिळावयाचे नाहींत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धी खरी आणि अर्धी खोटी आहे. या समजुतीपायीं कित्येक चांगल्या गाड्या भंगारांत गेल्या. आणि पैसा टाकला कीं वाटेल तो भाग मिळतो, या उलट भरंवशापायीं कित्येक चांगलीं इंजिनें बिघडलीं. वस्तुस्थिति काय आहे, हें एका ठराविक गाडीच्या उदाहरणानें पाहिल्यास अधिक स्पष्ट होईल. ही गाडी म्हणजे महाराष्ट्रांतील शहरांनीं आणि खेड्यांनीं दोन पिढ्या पाहिलेली जावा आणि तिचीच पुढची बहीण येझ्दी.

फ्रांटिशेक यानेचेक या चेक कारखानदारानें १९२९ सालीं वाँडरर या जर्मन कंपनीकडून मोटरसायकल बनविण्याचे हक्क घेतले. या दोन नांवांच्या आरंभींच्या अक्षरांपासून ‘जावा’ हें नांव झालें. भारतांत म्हैसूर येथें आयडियल जावा या कंपनीनें १९६१ सालापासून ही गाडी बनविण्यास प्रारंभ केला. सत्तरीच्या दशकांत तिला ‘येझ्दी’ हें नांव मिळालें. १९७८ सालीं रोडकिंग ही तिची प्रसिद्ध गाडी निघाली आणि १९९६ सालीं कारखाना बंद पडला. २०१८ सालीं जावा व २०२२ सालीं येझ्दी हीं नांवें पुन्हां बाजारांत आलीं खरीं. परंतु या नव्या गाड्यांचीं इंजिनें फोर-स्ट्रोक आहेत आणि तीं पाण्यानें थंड होतात. त्यांचे इंजिनभाग जुन्या गाडीस लागूं पडत नाहींत. जुन्या गाडीच्या धन्याला भाग शोधावयाचे ते जुन्याच वाटांनीं.

भाग शोधण्यापूर्वीं इंजिन चालतें कसें, हें थोडक्यांत समजून घेतलें पाहिजे. टू-स्ट्रोक इंजिनांत व्हॉल्व्ह नसतात. पिस्टन वर जातो तेव्हां त्याच्या खालच्या चेंबरांत पोकळी उत्पन्न होते आणि पेट्रोल व हवा यांचें मिश्रण आंत ओढलें जातें. पिस्टन खालीं येऊं लागला कीं तेंच मिश्रण दाबलें जाऊन ब्लॉकच्या भिंतींतील वाटांनीं वर चढतें आणि जळलेला धूर बाहेर ढकलतें. या वाटांचीं तोंडें उघडणें आणि मिटणें हें काम पिस्टनच आपल्या अंगानें करतो. यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली ही, कीं चेंबर हवाबंद असलें पाहिजे. दुसरी ही, कीं पिस्टनची जाडी जुळली तरी तेवढ्यानें भागत नाहीं. त्याची उंची आणि खालच्या कडेचा आकार हींहि जुळलीं पाहिजेत. तीं चुकलीं तर दारें अवेळीं उघडतात आणि गाडीची शक्ति जाते.

म्हणून कोणता भाग शोधावयाचा, हें आधीं ठरवावें लागतें. पुष्कळ वेळां गाडी दुर्बळ झाली कीं पिस्टन आणि रिंगा यांवर खर्च केला जातो, आणि दोष निघतो ऑइल सीलमध्यें. क्लचच्या बाजूचें सील फाटलें, तर चेंबर तिकडचें तेल ओढून घेतें. मागें दाट पांढरा धूर निघतो आणि आंतील तेलाची पातळी उतरत जाते. दुसऱ्या बाजूचें सील गेलें, तर तेथून नुसती हवा आंत शिरते, मिश्रणांतील पेट्रोलाचें आणि त्यांतच मिसळलेल्या तेलाचें प्रमाण घटतें, इंजिन अति तापतें आणि शेवटीं पिस्टन ब्लॉकला धरतो. अशा इंजिनांत नवा पिस्टन बसविला तरी त्याचीहि तीच गत होते.

दोष सांपडला कीं इंजिनाच्या भागांचे तीन वर्ग करावेत. शोधाची वाट प्रत्येक वर्गाची निराळी आहे.

पहिल्या वर्गांतील भाग मुळांत त्या गाडीचे नसतातच. बेअरिंग, ऑइल सील, स्पार्क प्लग आणि बरेचसे नटबोल्ट हे जगभर ठरलेल्या मापांचे असतात. बेअरिंगच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो. समजा तो ६२०४ आहे. यांतील शेवटच्या दोन अंकांस पांचानें गुणलें म्हणजे आंतील भोकाचा व्यास निघतो. ०४ म्हणजे २० मिलिमीटर. ०४ व त्यापुढील नेहमींच्या मापांस हा नियम लागूं पडतो. ६२०४ चा बाहेरील व्यास ४७ आणि रुंदी १४ मिलिमीटर असते, मग तें कोणत्याहि कारखान्याचें असो. क्रमांकापुढें ‘सी ३’ अशी खूण असेल, तर आंतील गोळ्यांना थोडी अधिक मोकळीक ठेवलेली आहे असें समजावें. जुन्या बेअरिंगवर ती खूण असेल तर नव्यावरहि असलीच पाहिजे. ऑइल सीलवरहि आंतील व्यास, बाहेरील व्यास आणि रुंदी असे तीन आंकडे असतात. तेव्हां ‘जावाचें बेअरिंग’ शोधीत गांवोगांव हिंडण्याचें कारण नाहीं. क्रमांक घेऊन शेतीच्या पंपांचें सामान विकणाऱ्याकडे गेलें तरी काम होतें. सीलच्या बाबतींत तर जुनें तें सोनें हा न्याय उलटा पडतो. मूळ कंपनीच्या पुडींतलें, पण तीस वर्षें फळीवर पडलेलें रबरी सील न वापरतांच कडक होऊन गेलेलें असतें.

दुसऱ्या वर्गांत झिजणारे भाग येतात. पिस्टन, रिंगा, गजन पिन, कनेक्टिंग रॉड आणि त्याचें बेअरिंग हे ते भाग होत. हे भाग आजहि बनतात, पण माप सांगितल्यावांचून ते मागणें व्यर्थ आहे. जावाच्या २५० सीसी इंजिनाचा मूळ बोअर ६५ मिलिमीटर आणि पिस्टनची धांव ७५ मिलिमीटर. ब्लॉक झिजला कीं तो थोडा मोठा कापून घ्यावयाचा आणि त्याला मोठा पिस्टन बसवावयाचा, ही रीत. असे वाढीव पिस्टन पाव पाव मिलिमीटरच्या पायरीनें मिळतात. ६५ नंतर ६५.२५, मग ६५.५०, असा तो क्रम आहे. आतां एखादा ब्लॉक वर, मध्यें आणि खालीं, तसाच आडवा व उभा मोजला असतां सर्वांत रुंद जागीं ६५.३२ भरला, तर ६५.२५ चा पिस्टन कितीहि स्वस्त मिळाला तरी उपयोगाचा नाहीं, ६५.५० चाच पाहिजे.

येथें चांगले कारागीर एक नियम कटाक्षानें पाळतात. आधीं पिस्टन आणावयाचा, मग बोअरिंग करावयाचें. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि जुन्या जावाचा ब्लॉक बिडाचा असतो. सारख्याच उष्णतेनें ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारें दुप्पट फुगतें. म्हणून दोहोंमध्यें मिलिमीटरच्या कांहीं शतांशांची नेमकी फट राखावी लागते, आणि ती हातांत असलेला पिस्टन मोजूनच राखतां येते. जे आधीं ब्लॉक कापून घेतात आणि मग पिस्टन शोधूं लागतात, त्यांना त्या मापाचा पिस्टन मिळाला नाहीं तर ब्लॉकची एक पायरी फुकट जाते. वाढीव मापें संपलीं तरी ब्लॉक टाकावा लागत नाहीं. आंतून कापून बिडाची नवी नळी, म्हणजे स्लीव्ह, ठोकून बसवितां येते आणि बोअर मूळ ६५ वर येतो. मात्र त्या नळींत वाटांच्या खिडक्या मूळ जागीं आणि मूळ उंचीवर कापल्या पाहिजेत.

रिंगांविषयीं एक गोष्ट लक्षांत ठेवावी. टू-स्ट्रोक पिस्टनच्या खांचेंत एक बारीक खुंटी असते. रिंग फिरून तिचें टोंक खिडकींत अडकूं नये, यासाठीं ती योजना आहे. खुंटीशीं न जुळणारी रिंग बसविली तर ती तुटते आणि तिचा तुकडा साऱ्या ब्लॉकवर ओरखडे काढतो. रिंग एकटी ब्लॉकमध्यें घालून तिच्या दोन टोंकांतील फट फीलर गेजनें मोजावी. ६५ मिलिमीटरच्या बोअरला ती साधारण पाव मिलिमीटर असावी. क्रँकचें काम याहून नाजूक आहे. दोन चाकें आणि मधली पिन हीं दाबून बसविलेलीं असतात. नवा रॉड घातल्यावर तीं पुन्हां एका रेषेंत आणणें हें डायल गेज बाळगणाऱ्या लेथवाल्याचें काम होय. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या ठिकाणीं ओतकाम आणि लेथकाम यांची जुनी परंपरा आहे. अशा ठिकाणीं गाडीचें नांव ठाऊक नसलेला कारागीरहि नमुना पाहून काम बिनचूक करून देतो.

तिसऱ्या वर्गांतील भाग मात्र खरोखरीच संपत आलेले आहेत. चेंबरचे दोन अर्धे, हेड आणि गिअरचे कांहीं दांते हे ते भाग. चेकियांत जुन्या जावांसाठीं पुष्कळ भाग आजहि नव्यानें बनतात, आणि १९५४ सालच्या ३५३ या नमुन्याचे भाग म्हैसूरच्या पहिल्या गाड्यांना बरेचसे जुळतात. परंतु पुढें दोन्ही देशांतील गाड्या आपापल्या दिशेनें बदलत गेल्या. म्हणून रोडकिंगसाठीं परदेशी भाग मागविण्यापूर्वीं मापें ताडून पाहावींत. राहिला जुना बाजार. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार, दिल्लीचें करोलबाग, चेन्नईचें पुदुपेट अशा ठिकाणीं असे भाग निघतात. तेथें जातांना व्हर्निअर आणि झिजलेला भाग बरोबर असावा. विक्रेत्याच्या तोंडच्या नांवावर विसंबूं नये.

चेंबर घेतांना आणखी एक दक्षता घ्यावी लागते. इंजिनाचा क्रमांक त्याच्यावरच ठोकलेला असतो. दुसऱ्या क्रमांकाचें चेंबर बसविणें म्हणजे कायद्याच्या दृष्टीनें इंजिन बदलणें होय. त्यासाठीं परिवहन कार्यालयाची संमति लागते. कागदपत्रांवांचून घेतलेलें चेंबर चोरीच्या गाडीचें निघालें, तर धन्याला आपलीच गाडी गमवावी लागेल. जुना क्रमांक घासून नवा ठोकणें हा तर उघड गुन्हा आहे. केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें नियमांत दुरुस्ती करून पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांचा स्वतंत्र वर्ग केला आणि त्यांच्या नोंदणीक्रमांकांत ‘व्ही ए’ हीं अक्षरें घालण्याची तरतूद केली. त्यासाठीं गाडी मूळ रूपांत असली पाहिजे. म्हैसूरच्या पहिल्या जावा आतां या वयाच्या झाल्या आहेत. म्हणून मूळ क्रमांकाचें चेंबर भेगाळलें तर तें फेकण्यापूर्वीं ॲल्युमिनियमचें वेल्डिंग जाणणाऱ्यास दाखवावें.

या तिसऱ्या वर्गामुळेंच एक वाईट प्रथा पडली आहे. एका गाडीचें चेंबर हवें म्हणून दुसरी चालती गाडी विकत घेऊन फोडली जाते. तिचे उरलेले भाग विकून पैसे निघतात, त्यामुळें हा व्यवहार फायद्याचा दिसतो. परंतु कारखाना बंद पडलेल्या गाडीची संख्या वाढत नसते, ती घटतच जाते. आज जी गाडी फोडली, तिचा भाग पुढच्या वेळीं मिळणार नाहीं. शिवाय पुष्कळदां असें दिसतें कीं, जो भाग मिळेना म्हणून गाडी फोडली, तो पहिल्या किंवा दुसऱ्या वर्गांतला होता; क्रमांक वाचला असता किंवा माप घेतलें असतें, तर तो आठवड्याभरांत मिळाला असता.

तेव्हां जुनी टू-स्ट्रोक गाडी बाळगणाऱ्यानें झिजलेला भाग कधींहि टाकूं नये, कारण नवा करणाऱ्यास तोच नमुना होय. इंजिन उघडलें कीं प्रत्येक बेअरिंगचा आणि सीलचा क्रमांक, ब्लॉकचें माप, पिस्टनची पायरी आणि तारीख एका वहींत उतरून घ्यावी. जुलै महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं जावा-येझ्दीचे धनी गांवोगांव एकत्र जमतात. अशा मेळाव्यांत गाडीबरोबर ही वहीहि न्यावी आणि दुसऱ्यास उतरून घेऊं द्यावी. म्हैसूरची गाडी अंगवळणीं पडलेले मिस्त्री आतां थकले आहेत. त्यांच्या बोटांना ठाऊक असलेलीं मापें कागदावर उतरलीं नाहींत, तर भाग बनविणारा मिळेल, पण काय बनवावयाचें हें सांगणारा मिळणार नाहीं.