एकोणीस एके

संख्यांच्या वाटेवर : लेखांक ६

शाहपूरहून बऱ्हाणपूरला येऊन मुंबईची गाडी धरली, की भुसावळ, नाशिक रोड, देवळाली करत ती डोंबिवलीवरून पुढे जाते. यातली शेवटची दोन स्टेशने गणिती दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांची. देवळालीला ते १९३० ते १९६२ शाळामास्तर होते. डोंबिवली, म्हणजे तेव्हाचे डेमलो, इथे त्यांना काही संख्या सुचल्या आणि त्यांना त्यांनी स्टेशनाचेच नाव देऊन टाकले.

त्या संख्या अशा : ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. नऊ एकांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. दहाव्या एकाला हातचा येतो आणि सगळा डौल मोडतो. आज आपण वर्ग बाजूला ठेवून नुसत्या एकांच्या रांगेकडे पाहू. तिच्यातून मूळ संख्या कधी निघते?

एकांची मोजणी संयुक्त असेल, तर आशाच सोडा. सहा एक जोडीजोडीने तोडले, की ११ × १०१०१ समोर येते. तेव्हा मोजणी मूळच हवी. पण तेवढ्याने भागत नाही, संख्या मात्र भागते! १११ = ३ × ३७, पाच एक = ४१ × २७१, सात एक = २३९ × ४६४९. ११ नंतर मूळ संख्या मिळते ती थेट एकोणीस एकांची :

११११ १११११ १११११ १११११

हिचे वर्गमूळ १०५ कोटींच्या घरात. तिथवर विभाजक शोधायचे म्हटले तर आयुष्य पुरायचे नाही. पण फर्माच्या सिद्धांताने काम पुष्कळ हलके होते : हिला मूळ विभाजक असलाच, तर त्याला ३८ ने, म्हणजे १९ च्या दुपटीने, भागल्यावर बाकी १ च उरली पाहिजे. म्हणजे १९१, २२९, ४१९ अशा ठरावीक संख्याच तपासायच्या. तरीही त्या लाखोंनी भरतात. ऑस्कर हॉप्पे यांनी, संगणक नसताना, ही संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले.

मला तिच्या आकाराहून तिचा व्यस्त अधिक आवडतो. १ ला या संख्येने भागा : दशांशचिन्हापुढे अठरा शून्ये आणि ९, पुन्हा अठरा शून्ये आणि ९, असे अखंड. आवर्तन बरोबर १९ अंकांचे. आणि १९ अंकी आवर्तन देणारी दुसरी मूळ संख्याच नाही, कारण तशी कुणी असती तर तिने या एकोणीस एकांना भागले असते.

पुढे २३ एक मूळ, मग ३१७, मग १०३१. यातल्या शेवटच्या संख्येची सिद्धता विल्यम्स आणि डब्नर यांनी १९८६ मध्ये छापली. कापरेकर वारले तेही त्याच वर्षी. अशा संख्या अनंत आहेत का, हा प्रश्न अजून खुला आहे.

आता घरचा अभ्यास. तेरा एकांची संख्या मूळ नाही. तिच्यासाठी ३८ ऐवजी २६ घ्या. दोन विभाजक शंभराच्या आतच सापडतील. उत्तर पुढच्या आठवड्यात.