सॉफ्टवेअर सोडून जाण्याची मुभा

जुलै २०२५च्या उत्तरार्धात नायरा एनर्जी या कंपनीच्या कर्मचाऱ्यांना स्वतःचे ई-मेल उघडता येईनासे झाले. गुजरातमधील वाडीनारचा तेलशुद्धीकरण प्रकल्प या कंपनीचा. देशाच्या एकूण शुद्धीकरण क्षमतेपैकी सुमारे आठ टक्के क्षमता तिच्याकडे आहे. रशियाच्या रोसनेफ्टचा तिच्यात मोठा हिस्सा असल्याने युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवली. भारत असे एकतर्फी निर्बंध मानत नाही. परवान्यांचे पैसे भरलेले होते, असे कंपनीचे म्हणणे होते. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली. मधल्या काळात कंपनीने आधार घेतला तो रेडिफमेलचा. आमच्या पिढीला हे नाव आता केवळ विसरलेल्या पासवर्डांमुळे आठवते!

या बातमीनंतर मीही अमेरिकी सेवांपासून दूर जाण्याचा प्रयत्न सुरू केला. लेखनासाठी लिबरऑफिस, नकाशांसाठी ओपनस्ट्रीटमॅप, पत्रव्यवहारासाठी स्वित्झर्लंडमधील प्रोटॉन. पहिले दोन बदल दोन दिवसांत अंगवळणी पडले. ई-मेलने मात्र तीन महिने घेतले, कारण बँक, विमा, प्राप्तिकर, गॅसजोडणी अशा सगळ्यांच्या दप्तरी माझी ओळख म्हणून जुनाच पत्ता नोंदलेला होता. व्हॉट्सॲप तर अजूनही फोनमध्ये आहे. आमची गृहनिर्माण संस्था, नळ दुरुस्त करणारा माणूस आणि माझ्याकडून लेख मागवणारे संपादक, सगळे तिथेच आहेत. मी एकट्याने तिथून निघून काय साधणार?

या खटाटोपात एक गोष्ट ध्यानात आली. नायरा प्रकरणात कंपनी अमेरिकी होती, पण निर्बंध युरोपचे होते. म्हणजे माझा पत्रव्यवहार जिनिव्हाला हलवल्याने माझ्यावरचा कायदा बदलतो, परावलंबन संपत नाही. मग तो चेन्नईला हलवावा का?

दिल्लीने या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे दिले आहे. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ई-मेल खाती झोहोच्या व्यवस्थेवर गेली आहेत. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये केंद्रीय मंत्र्यांनी आपण झोहो वापरू लागल्याचे जाहीर केले आणि शिक्षण मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांना तसे निर्देश दिले. झोहोविषयी मला आदर आहे. १९९६ पासून ही कंपनी शेअर बाजारात न उतरता वाढली आणि तेनकासीसारख्या भागात तिने रोजगार नेला. परंतु तिची मूळ संगणकीय संहिता बंदिस्त आहे. तिच्या ‘अराट्टाई’ या संदेश ॲपची लाट आली तेव्हा पाठवणारा व घेणारा यांच्याखेरीज कोणालाही, खुद्द कंपनीलाही, मजकूर वाचता येऊ नये अशी व्यवस्था त्यातील लेखी संदेशांना नव्हती. शिवाय २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्राने स्वतःकडे राखला आहे. अशा स्थितीत विदा देशातच राहिली, एवढ्यावरून ती सुरक्षित झाली असे मला वाटत नाही. ‘कू’चे उदाहरणही फार जुने नाही. २०२१ मध्ये ट्विटरशी सरकारचे बिनसल्यावर मंत्र्यांनी त्यावर गर्दी केली. जुलै २०२४ मध्ये ते बंद पडले.

केरळने वेगळा मार्ग धरला, आणि तोही कोणतीही घोषणा न गाजवता. या शतकाच्या पहिल्या दशकात शिक्षक संघटना आणि मुक्त सॉफ्टवेअरचे कार्यकर्ते यांच्या आग्रहामुळे तेथील सरकारी शाळांचे संगणक शिक्षण विंडोजवरून लिनक्सवर आले. आज ‘काइट’ ही सरकारी कंपनी शाळांसाठी स्वतःची प्रणाली तयार करते. आघाड्यांची सरकारे आलटून-पालटून आली, तरी हे धोरण टिकले. याचे कारण निव्वळ परवान्यांच्या शुल्कातील बचत नव्हे. शिक्षकांनाच प्रशिक्षक केले गेले, बिघाड दुरुस्त करणारी माणसे शाळेतच घडली. ‘स्वतंत्र मलयाळम कम्प्युटिंग’च्या स्वयंसेवकांनी मलयाळमसाठी टंक बनवले, कोण्या परदेशी कंपनीला त्या लिपीत नफा दिसेपर्यंत थांबायची वेळ आली नाही. लिनक्स केरळचे नाही, भारताचेही नाही. तरीही ते शाळेतून कोणी काढून घेऊ शकत नाही, कारण संहिता खुली आहे आणि ती हाताळणारी माणसे गावात आहेत. केंद्रानेही २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले होते. त्याची आठवण मंत्रालयांना करून द्यावी लागते, हे खेदजनक आहे.

याहून मोठे उदाहरण प्रत्येकाच्या खिशात आहे. यूपीआयचे सुमारे ८० टक्के व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोनच ॲपवरून होतात, आणि दोन्हींची मालकी अमेरिकी कंपन्यांकडे आहे. ही मक्तेदारी चिंतेची आहेच. पण उद्या मी फोनपे काढून ‘भीम’ घेतले, तर भाजीवाल्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. बँक खाते माझे, पैसे वाहून नेणारी व्यवस्था राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाची. ॲप हा केवळ दर्शनी भाग. संदेशांच्या बाबतीत युरोपने २०२२च्या डिजिटल बाजारपेठ कायद्याने हेच बंधन घातले: मोठ्या सेवेने इतर सेवांशी संदेशांची देवाणघेवाण होऊ दिली पाहिजे. आपल्याकडे बड्या कंपन्यांना वेसण घालू पाहणारा डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मार्च २०२४ मध्ये लोकांसमोर आला, पण त्याचा कायदा होणे लांबणीवर पडले. मंत्र्यांनी कोणते ॲप वापरावे, हा त्यांचा प्रश्न. नागरिक म्हणून मला दोन गोष्टी पाहायच्या आहेत: त्या मसुद्याचे पुढे काय होते, आणि १२ लाख सरकारी खाती उद्या तिसरीकडे न्यायची वेळ आली, तर झोहोशी झालेल्या करारात त्यासाठी कोणते कलम आहे.