धुराचा माग : उपग्रहाचे चित्र कसे वाचावे?

ऑक्टोबर सरत आला, की ग्वाल्हेरच्या दवाखान्यांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "डॉक्टर, हा खोकला पंजाबच्या धुराचा का?" विचारणाऱ्याने वृत्तपत्रातले उपग्रहाचे चित्र पाहिलेले असते. पंजाब-हरियाणावर लाल ठिपके आणि तेथून आग्नेयेकडे पसरलेला करडा पट्टा. या चित्रावरून काय ठरवता येते व काय येत नाही, हे आपण वैद्यकव्यावसायिकांनी जाणून घेतलेले बरे.

लाल ठिपका म्हणजे धूर नव्हे, आग. भाताची धसकटे व पेंढा, म्हणजे इकडची 'पराली', जळताना सुमारे चार मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त किरणांत भोवतालच्या जमिनीपेक्षा कितीतरी तेजस्वी दिसते. 'व्हिअर्स' या उपकरणाचा एक चौकोन 375 मीटरचा. त्याच्या लहानशा कोपऱ्यात आग असली तरी ती टिपली जाते. पंजाब व हरियाणात 2009 च्या भूजलरक्षण कायद्यांनी भाताची लावणी जूनमध्ये पुढे ढकलली. परिणामी कापणी व गव्हाची पेरणी यांत मोजकेच दिवस उरले आणि आगी दोन-तीन आठवड्यांत एकवटल्या.

परंतु व्हिअर्स वाहणारे उपग्रह दिवसा दीडच्या सुमारास माथ्यावरून जातात. त्यानंतर पेटवलेले शेत रात्रीच्या फेरीपूर्वीच विझलेले असू शकते. 2024 च्या हंगामात ठिपके बरेच घटले, धुके-धूर मात्र त्या प्रमाणात घटला नाही. कोरियाच्या भूस्थिर उपग्रहाच्या दर दहा मिनिटांच्या चित्रांवरून नासाच्या एका शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की पुष्कळ आगी दुपार उलटल्यावर लागत होत्या. ठिपक्यांच्या संख्येवर समाधान मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

खुद्द धूर ओळखण्याची रीत निराळी. धुके पांढरे व रेखीव कडांचे असते. धूर करडा-तपकिरी, कडा पुसट. धूळ मात्र फसवते, कारण धूर व धूळ दोन्ही अतिनील किरण शोषतात. अशा वेळी कार्बन मोनॉक्साइडचा नकाशा उपयोगी पडतो. हा वायू ज्वलनातून निघतो, धुळीबरोबर येत नाही. 2017 मध्ये सोडलेला 'सेंटिनेल-5पी' त्याचे दररोज मापन करतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंडियन मेडिकल असोसिएशनने दिल्लीत सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी घोषित केली, तेव्हा पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या 'सफर' प्रकल्पाने परालीच्या धुराबरोबर पश्चिम आशियातील वादळाची धूळही आल्याचे निदान केले होते.

आता आपल्या दृष्टीने मुख्य मुद्दा. उपग्रह वरून खाली पाहतो. जमिनीपासून आकाशापर्यंतचा सारा थर त्याला एकत्र दिसतो. या थराची 'प्रकाशीय जाडी' 1 असेल, तर थेट सूर्यप्रकाशापैकी जेमतेम 37 टक्के खाली पोहोचतो. पण तो धूर दोन किलोमीटर उंचीवर आहे की नाकाशी, हे त्या आकड्यात नसते. छातीच्या समोरून घेतलेल्या एक्स-रेत सावली दिसते, खोली कळत नाही; तसेच हे. बाजूने घेतलेल्या फिल्मचे काम लेझर करतो. 2006 ते 2023 'कॅलिप्सो'ने ते केले, 2024 पासून 'अर्थकेअर' करीत आहे. त्यांचा पट्टा मात्र इतका अरुंद, की नेमका आपल्या शहरावरून तो क्वचितच जातो.

म्हणून रुग्णास उत्तर देताना चित्राशेजारी जमिनीवरच्या केंद्राचा पीएम 2.5 चा आकडा ठेवावा. वर दाट पट्टा असून खाली आकडा साधारण असेल, तर धूर बहुधा उंचावरून जात आहे. दोन्ही वाढले, वारा वायव्येचा असला आणि कार्बन मोनॉक्साइडचा पट्टाही जुळला, तर पंजाबकडे बोट दाखवण्यास आधार आहे. आकाश निवळलेले असूनही रात्री आकडा चढत असेल, तर आधी आपल्याच गल्लीतील पेटता कचरा, शेकोट्या व वाहने आठवावीत. थंडीत हवेचा खालचा थर दबतो आणि हा धूर तेथेच कोंडतो.

आणखी एक. प्रकाशीय जाडीच्या नकाशात काही चौकोन कोरे दिसतात. तेथे हवा स्वच्छ आहे असे नव्हे. ढग वा धुके असल्यास मापन होत नाही, आणि कधी कधी अतिदाट धुरालाच संगणक ढग समजून वगळतो. सर्वांत वाईट दिवशी आपल्या शहराचा चौकोन कोरा असू शकतो.