बर्लिनचे वार्तापत्र : पुढच्या वर्षी किती कमावणार?

नोव्हेंबर सरत आला की इथले चित्रकार, वादक, लेखक, पत्रकार कागद घेऊन एकाच हिशेबाला बसतात. खर्च वजा जाता पुढच्या वर्षी हातात किती उरेल, हे त्यांना १ डिसेंबरपर्यंत विल्हेल्म्सहाफेनच्या एका कचेरीला कळवायचे असते. कलावंतांच्या सामाजिक विम्याची ही संस्था. तिला सगळे ‘केएसके’ म्हणतात. १९८१ मध्ये कायदा झाला आणि १९८३ पासून ती चालू आहे.

नोकरदाराच्या विम्याचा अर्धा भार मालक उचलतो. चित्रकाराला मालक कुठला? म्हणून इथे अर्धा हप्ता कलावंत भरतो, २० टक्के केंद्र सरकार देते आणि उरलेले ३० टक्के कलावंतांकडून काम करून घेणारे प्रकाशक, जाहिरातसंस्था, नाट्यगृहे देतात. २०२५ साली कलावंतांना दिलेल्या मानधनावर त्यांना ५ टक्के आकार भरावा लागत होता. जो काम घेतो त्याने काम करणाऱ्याच्या म्हातारपणाचाही वाटा उचलावा, ही कल्पना मला फार मोलाची वाटते.

हप्ता ठरतो तो कलावंताने स्वतः कळवलेल्या अंदाजावर, आणि खरी गोम तिथेच आहे. वर्षाला १८,००० युरो लिहिले तर निवृत्तिवेतनापोटी महिना सुमारे १४० युरो जातात. १०,००० लिहिले तर ७८. हात आखडलेला असताना लहान आकडा लिहिण्याचा मोह कोणाला होणार नाही? पण पुढचे निवृत्तिवेतन याच आकड्यातून साठत जाते आणि लांबलेल्या आजारपणातला भत्ताही त्यावरच मोजला जातो. आज वाचवलेले साठ युरो उतारवयात अंगावर येतात. अगदीच कमी लिहूनही चालत नाही. व्यवसायातली पहिली तीन वर्षे सोडली, तर वर्षाला ३,९०० युरोंपेक्षा जास्त मिळकत असावी लागते. अधूनमधून संस्था करनिर्धारणाचे कागद मागवून पडताळाही घेते.

बाकीच्या स्वतंत्र व्यावसायिकांना, म्हणजे संगणकवाल्यांना, सल्लागारांना, हे छत्र नाही. आरोग्यविम्याचा पूर्ण हप्ता त्यांचा त्यांनाच भरावा लागतो. करही आहेच. आपल्याकडे आगाऊ कराचा अंदाज आपणच बांधतो. इथे करकचेरी मागच्या निर्धारणावरून रक्कम ठरवते आणि मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरच्या १० तारखेला वसूल करते. नवखा माणूस फसतो तो इथेच. पहिले वर्ष चांगले जाते, पैसे घरभाड्यात आणि सामानात संपतात. मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एकाच पत्राने गेल्या वर्षाचा थकलेला कर आणि चालू वर्षाचे आगाऊ हप्ते दोन्ही मागितले जातात. काम घटले असेल तर हप्ते कमी करण्याचा अर्ज करता येतो. पुष्कळांना ते ठाऊकच नसते.

म्हणून इथले मुरलेले लोक बिलाचे पैसे आले की आधी मूल्यवर्धित कर बाजूला काढतात, मग आयकराचा वाटा वेगळ्या खात्यात टाकतात. उरलेल्यातून दरमहा ठरलेली रक्कम स्वतःला ‘पगार’ म्हणून देतात. भरभराटीच्या महिन्यातही तो पगार वाढवायचा नाही, हे सगळ्यात कठीण.

पुण्याहून आलेली, पुस्तकांसाठी चित्रे काढणारी माझी एक मैत्रीण मिळकतीचे लक्ष्य उलट्या बाजूने काढते. आधी घरखर्च, विमा, कर. मग वर्षाचे कामाचे दिवस. शनिवार-रविवार, सण, सुट्टी, आजारपण वजा करून तिच्या हाती साधारण २१० दिवस उरतात. त्यातले निम्मे पत्रव्यवहार, अंदाजपत्रके, थकलेल्या बिलांचे तगादे यांत जातात, असे ती धरते. खर्चाला उरलेल्या १०५ दिवसांनी भागले की दिवसाचा दर निघतो. स्वतंत्र व्यावसायिकाच्या निवासी परवान्यासाठी कामाच्या हमीची पत्रे आणि मिळकतीचा अंदाज जोडावा लागला, तेव्हा तिने हाच हिशेब मांडला होता. यंदा उन्हाळ्यात एक मोठे काम मिळाल्यावर तिने केएसकेला वाढीव आकडा कळवला आणि पुढच्याच महिन्यापासून तिचा हप्ता वाढला.