बॅटरीविना उत्तर देणारी चावी

मे महिन्यात नवतपा लागला की रायपूरचा पारा 44-45 अंशांवर जाऊन बसतो. बुढापाऱ्यात, बूढा तलाव आणि सप्रे शाळेच्या आसपासच्या जुन्या वस्तीत, बरीच घरं मोटारींच्या जमान्याआधीची. त्यांना पोर्च नाही, शेड नाही. गाडी दारासमोर, भर उन्हात. दुपारी दार उघडलं तर स्टिअरिंगला हात लाववत नाही. कॅनडा-अमेरिकेत बर्फात गारठलेली गाडी घरातूनच सुरू करता यावी म्हणून रिमोट स्टार्टर लोकांनी उचलून धरला. इथे तोच नेमक्या उलट कारणासाठी हवासा वाटतो: आपण जिना उतरेपर्यंत एसीने गाडी बसण्याजोगी करून ठेवावी.

काम वरवर सोपं दिसतं. चावी फिरवल्यावर ज्या वायरींना करंट मिळतो, त्यांना तो रिलेमधून द्यायचा; आधी इग्निशन ऑन, मग सेल्फ. जुन्या गाड्यांचं एवढ्यावर भागायचं. आजच्या गाडीत मात्र पुष्कळदा सेल्फ फिरतो, इंजिन पकडतं आणि दोन सेकंदांत गप्प होतं. डॅशबोर्डवर चावीचं छोटं चित्र लुकलुकत राहतं. वायरिंग बिनचूक असतं. गाडीने एक प्रश्न विचारलेला असतो आणि त्याचं उत्तर आलेलं नसतं.

हा प्रश्न विचारणारा इमोबिलायझर, आणि उत्तर देणारी चिप चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात. काही चाव्यांत ती सुमारे 12 मिलिमीटर लांबीची काचेची कुपी असते, काहींत काळा चपटा तुकडा. आत केसासारख्या तारेचं वेटोळं, एक कपॅसिटर आणि सिलिकॉनचा कण. बॅटरी नाही! दारं उघडणाऱ्या बटणांचा सेल वेगळा. तो संपला तरी गाडी सुरू होते ती यामुळेच. इग्निशन लॉकभोवती दुसरी कॉइल बसवलेली असते. चावी फिरवताच ती 125 किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र निर्माण करते (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या पद्धतीत 134.2), आणि फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलेल्या नियमानुसार चिपच्या वेटोळ्यात करंट जागा होतो. त्या इवल्याशा विजेवर चिप उठते, गणित सोडवते आणि उत्तर पाठवते. उत्तर द्यायची ताकदही प्रश्नातूनच मिळते, हे मला आजही थक्क करतं.

गणितही साधं नाही. गाडी दर वेळी नवा आकडा फेकते. चिप आणि गाडी दोघींना एक गुप्त किल्ली ठाऊक असते. तिच्या आधारे दोघी आपापला हिशेब करतात आणि गाडी उत्तर जुळतंय का ते पाहते. गुप्त किल्ली स्वतः हवेतून कधीच जात नाही, त्यामुळे कालचं उत्तर चोरून ऐकणाऱ्याच्या हाती आज काही लागत नाही. युरोपात 1998 पासून नव्या मोटारींना असा इमोबिलायझर सक्तीचा झाला. आपल्याकडे मारुतीने त्याला आयकॅट्स नाव दिलं. 2005 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी टेक्सासच्या 40 बिटांच्या चिपचं गुपित फोडलं. शक्य किल्ल्या सुमारे 1.1 लाख कोटी, आणि त्यांच्या यंत्राला तासाभराचाही वेळ लागला नाही. पुढच्या चिपांत 128 बिटांची किल्ली आली.

रिमोट स्टार्टच्या वेळी लॉकमध्ये चावी नसते. मग उत्तर कोण देणार? बायपास म्हणजे चावीऐवजी हे उत्तर पोचवणारी जोडणी; तिची निवड म्हणजे या प्रश्नाचा निकाल.

पहिला मार्ग सर्वांत जुना. दुसरी चावी, किंवा तिची चिप, एका डबीत घालून डॅशबोर्डखाली लपवायची; डबीतल्या कॉइलची तार लॉकभोवतीच्या कॉइलपर्यंत न्यायची. मधला रिले इथे जीव की प्राण. रिमोटने गाडी सुरू करतानाच तो तार जोडतो, एरवी तोडून ठेवतो. कामचुकार माणूस रिले वगळून तार कायमची जोडून टाकतो, आणि मग दोन संकटं येतात. मालकाने आपली चावी लावली की दोन चिपा एकाच वेळी बोलतात आणि गाडीला एकीचंही धड ऐकू येत नाही. ते निभावलं, तरी लपवलेली चावी सदैव उत्तर देते, म्हणजे चोरासमोर इमोबिलायझर असून नसल्यासारखा. पुश-बटण गाडीत तर डबीतल्या फॉबला, म्हणजे रिमोट चावीला, सेल ठेवायचाच नाही. सुरू करण्यापुरती वीज डबीनेच द्यायची. नाहीतर चावी आतच आहे असं गाडी कायम धरून चालते.

दुसरा मार्ग डेटा मॉड्यूलचा. इथे चावी बळी जात नाही. मॉड्यूल गाडीच्या डेटा वायरींवर, बऱ्याचदा कॅन बसवर, बसतं. हे जाळं बॉशने 1986 मध्ये जगापुढे आणलं. खऱ्या चावीचा संवाद ऐकून ते शिकतं आणि वेळ आली की योग्य उत्तर स्वतः पुरवतं. माझा कौल यालाच, पण एका अटीवर: नेमक्या आपल्या मॉडेलचं आणि वर्षाचं फर्मवेअर हवं. फॉर्टिन, आयडेटालिंक यांच्यासारख्या कंपन्यांचा मुख्य बाजार उत्तर अमेरिका. तिथे न विकल्या जाणाऱ्या गाड्या त्यांच्या यादीत शोधून सापडणं अवघड. वॅगनआरवाल्याला म्हणून बहुतेक वेळा डबीकडेच वळावं लागतं.

तिसरा मार्ग ईसीएममधून, म्हणजे इंजिनाच्या संगणकातून, इमोबिलायझर पुसून टाकण्याचा, 'इमो ऑफ'. कुणी स्वस्तात करून देतो म्हणाला तरी करू नये. प्रश्न विचारणंच बंद झालं की गाडीची राखण फक्त लोखंडी कुलपावर उरते.

आपल्या रस्त्यांवर आणखी एक गोष्ट बायपासपेक्षाही मोठी ठरते. बहुतेकांच्या गाड्या मॅन्युअल, आणि उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये लावायची सवय घरोघरी. अशा गाडीला रिमोटने सेल्फ मारला तर ती पुढे उडी घेते. मॅन्युअलसाठीच्या चांगल्या स्टार्टरमध्ये म्हणूनच 'रेडी मोड' असतो: गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मालक बाहेर पडून दारं लागल्यावरच इंजिन बंद होतं. मध्ये एकदाही दार उघडलं तर रिमोट चालत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 126 प्रमाणे सार्वजनिक जागी उभ्या गाडीत चालकाच्या आसनावर परवानाधारक नसेल, तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला असायला हवा. बुढापाऱ्याच्या गल्लीत दारासमोरची जागाही सार्वजनिकच. तेव्हा हे यंत्र स्वतःच्या अंगणात गाडी लावणाऱ्यांचं, तेही उघड्या अंगणात. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो.

बसवून झालं की पैसे चुकते करण्याआधी एक तपासणी करून घ्यावी. चावीवाल्याकडून आपल्या चावीची बिनचिपची साधी नक्कल कापून घ्यायची. खरी चावी दूर ठेवून ती नक्कल लॉकमध्ये फिरवायची. गाडीने नकार दिला, तर काम नीट झालंय. इंजिन चालूच राहिलं, तर मिस्त्रीला डॅशबोर्ड तिथेच पुन्हा उघडायला लावायचा.