छर्‍यांच्या माराने धातू टिकतो कसा?

स्प्रिंग, गिअर किंवा आगगाडीचा आस एकाच मोठ्या धक्क्याने क्वचितच मोडतो. सहज पेलवेल असा भार लाखो वेळा येत राहिला, की तो थकून मोडतो. 1842 साली फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला. पुढे जर्मनीत ऑगस्ट वोलर यांनी आसांवर वर्षानुवर्षे चाचण्या घेऊन या थकव्याचा पद्धतशीर अभ्यास केला. असा तडा बहुधा पृष्ठभागावरच सुरू होतो. वाकताना आणि पिळवटताना सर्वांत जास्त ताण तिथेच पडतो. ओरखडे आणि गंजही तिथेच असतात. तडा वाढायचा तर त्याचे तोंड फाकवणारी ओढ लागते. म्हणून पृष्ठभाग आधीच दाबाखाली ठेवला, तर बाहेरच्या ओढीतला बराच भाग तो दाब फेडण्यातच खर्ची पडतो.

शॉट पीनिंग हेच साधते. पोलादाचे, काचेचे किंवा सिरॅमिकचे बारीक गोल छर्रे वेगाने सुट्या भागावर मारले जातात. प्रत्येक छर्‍याखालचा थर किंचित पसरतो. खालचा धातू त्याला पसरू देत नाही, त्यामुळे थर दाबात अडकून राहतो. त्याची खोली साधारणपणे मिलिमीटरचा काही दशांशच असते. याचा पुरावा जनरल मोटर्सचे अभियंते जॉन अल्मेन यांच्या पट्टीत दिसतो. पोलादाची पातळ पट्टी ठोकळ्यावर घट्ट बसवून एकाच बाजूने छर्रे मारायचे. ती सोडवली की मार बसलेल्या बाजूने फुगून कमानीसारखी वाकते. कमानीची उंची हेच माराच्या तीव्रतेचे माप.

यावर रास्त आक्षेप असा, की खडबडीत पृष्ठभाग लवकर थकतो, मग खळगे पाडून फायदा कसा? खडबडीतपणाचा तोटा खरा आहे; पण योग्य मारात दाबाचा लाभ त्याहून मोठा ठरतो. मार अति झाला, तर मात्र पृष्ठभागावर घड्या आणि सूक्ष्म तडे पडून हिशेब उलटतो. दुसरा आक्षेप : वर दाब आला, की तोल सांभाळायला आत ओढ येणारच. तीही येते, आणि कधी कधी तडा आतून सुरू होतो. पण ओढ जाड भागात विभागली जात असल्याने सौम्य असते. शिवाय जास्त उष्णतेत हा दाब ओसरतो, आणि नंतरच्या ग्राइंडिंगमध्ये थरच निघून जाऊ शकतो. म्हणून ड्रॉइंगवर नुसते ‘शॉट पीनिंग’ लिहून भागत नाही. छर्‍याचा आकार, माराची तीव्रता आणि पृष्ठभाग पूर्ण व्यापला जाणे, ही तिन्ही ठरवून तपासली तरच त्या भागाचे आयुष्य वाढते.